काटे काय म्हणाले

मागच्या महिन्यात भाच्याने मला एका नव्या हॉटेलात मासे खायला नेलं. हॉटेल एकदम चकाचक. खुर्च्या इतक्या उंच की बसल्यावर माझे पाय लोंबकळायला लागले. मी पहिला घास तोंडात घालतेय न घालतेय तोच वेटर हजर. "सगळं ठीक ना, मॅडम?" म्हटलं, "अरे बाबा, गिळू तरी दे!" तो हसून गेला आणि लगेच परत आला. "चव कशी आहे, मॅडम?" जेवण संपेपर्यंत त्याचं हेच चाललं. शेवटी बिलाबरोबर एक कार्ड आणून ठेवलं. मोबाइल त्याच्यावर धरायचा आणि हॉटेलला तारे द्यायचे म्हणे. भाच्याने खटाखट सगळे तारे देऊन टाकले. मी त्याच्या प्लेटकडे बघितलं तर अर्धा मासा भाताखाली सरकवून ठेवलेला.

"आवडला नाही ना तुला?" मी विचारलं.

"नाही गं मावशी. नुसता चिवट. पण जाऊ दे ना, कशाला त्या बिचाऱ्याचं मन मोडायचं!"

तो बिचारा तेवढ्यात आला, प्लेटा एकावर एक रचल्या आणि घेऊन गेला. एकाही प्लेटकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. आणि मला भाऊंची अशी काही आठवण आली की घरी येईपर्यंत मी भाच्याशी धड बोललेसुद्धा नाही. त्याला वाटलं, माझं पोट बिघडलं.

भाऊ म्हणजे 'खिडकी'चे भाऊ. आता भाऊ नाहीत, वहिनीही नाहीत, आणि त्या जागेवर मोबाइलची कव्हरं विकतात. पण माझ्यासारख्या दोन-चार म्हाताऱ्या अजून तिकडून जाताना पाय रेंगाळवतात.

'खिडकी' हे काही हॉटेलचं खरं नाव नव्हतं. दारावर पाटी होती, तिच्यावर काहीतरी रंगवलेलं होतं, पण खाऱ्या वाऱ्याने अक्षरं खाऊन टाकली होती. आणि होती तेव्हा तरी कोण वाचत होतं! धक्क्याच्या टोकाला दोरखंड ठेवायची एक जुनी खोली होती. खोलीच्या मधोमध भिंत आणि भिंतीला चौकोनी भोक. पूर्वी त्यातून दोर इकडून तिकडे सरकवायचे. भाऊ-वहिनींनी ती खोली घेतली तेव्हा त्या भोकाला लाकडी चौकट बसवली. आत वहिनींच्या शेगड्या, बाहेर भाऊंची टेबलं. आतून गरम मासा बाहेर यायचा, बाहेरून रिकामी प्लेट आत जायची. म्हणून सगळे म्हणायचे, "चला, खिडकीवर जाऊ."

मी त्याच धक्क्यावर लाँचची तिकिटं द्यायचे. दिवसभर मी माझ्या खिडकीत आणि दुपारी त्यांच्या खिडकीसमोर. नवरा नाही, मूल नाही, एकटीसाठी घरी कोण रांधत बसणार! भाऊंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'तिकीट' ठेवलं. "काय तिकीट, आज तोंड का फुगलंय?" हे त्यांचं माझ्याशी दिवसातलं सगळ्यात लांबलचक भाषण. बाकी सगळं 'हं' आणि 'बरं' यात भागायचं.

उंच, किडकिडीत माणूस. मान जराशी पुढे, खांद्यावर पांढरा नॅपकिन. तरुणपणी धक्क्यावर माशांच्या टोपल्या उतरवायचे. पुढे पाठीने दगा दिला. वहिनी तेव्हा एका ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. त्या म्हणाल्या, "उचलायचंच आहे ना तुम्हाला? मग प्लेटा उचला. त्या हलक्या असतात." असं हे हॉटेल निघालं.

हॉटेल निघालं खरं, पण भाऊंना बोलता कुठे येत होतं! वहिनी तशा हौशी. आपण केलेलं लोकांना कसं लागलं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि शेगड्या सोडून बाहेर येणं तर शक्य नाही. त्यांनी भाऊंना बजावलं, "प्रत्येकाला विचारून यायचं, कसं वाटलं म्हणून." भाऊ गेले. टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. कान लाल झाले, घसा खाकरला, पण शब्द काही फुटेना. गिऱ्हाइकाला वाटलं, हा आपल्याला उठायला सांगतोय. ते बिचारं अर्धवट जेवण टाकून उठून गेलं.

वहिनींनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी आपली वेगळीच तऱ्हा काढली. कोणाला काही विचारलं नाही, काही नाही. जेवण झालं की प्लेट उचलायची, आहे तशी, एक काटाही हलू न देता, आणि खिडकीच्या चौकटीत नेऊन धरायची.

"काय म्हणाले?" वहिनींनी आतून विचारलं.

"हे बघ," भाऊ म्हणाले.

वहिनींनी बघितलं. एका बाजूचा मासा साफ खाल्लेला, दुसरी बाजू काट्याला चिकटून राहिलेली. "एका बाजूने कच्चा राहिला वाटतं," त्या म्हणाल्या आणि पुढचा मासा तव्यावर जरा जास्त वेळ ठेवला. झालं, त्या दिवसापासून हीच रीत पडली. "काय म्हणाले?" वहिनी विचारायच्या, आणि भाऊ प्लेट दाखवायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊ, सरळ विचारून टाकावं की माणसाला." तर म्हणाले, "तोंडाने सगळे छानच म्हणतात गं."

आणि खरंच, त्या माणसाची नजर काय होती म्हणून सांगू! एकदा कोणी परगावची बाई लाँच चुकली म्हणून जेवायला आली. "वा वा, काय चव आहे," असं तिने तीनतीनदा म्हटलं. भाऊंनी तिच्या प्लेटकडे नुसतं बघितलं. मसाला खरवडून कडेला सारलेला, मासा वरवर टोकरलेला, आणि पाण्याचा तांब्या रिकामा. प्लेट उचलून नेली आणि थोड्या वेळाने वाफवलेला मासा आणून ठेवला, वर नुसतं लिंबू. त्या बाईने आधी माशाकडे बघितलं, मग भाऊंकडे. नंतर अशी जेवली की काट्यांवर मुंगीला मिळेल एवढंही ठेवलं नाही. जाताना तिने 'वा' म्हटलं नाही की काही नाही. भाऊ मात्र प्लेट खिडकीत धरून असे हसत होते, जणू ती प्लेट त्यांना बक्षीस मिळालीय.

नेहमीच्या माणसांच्या प्लेटा तर भाऊ आणि वहिनी दोघंही नुसत्या बघून ओळखायचे. दातांचे डॉक्टर यायचे, ते काटे पुसूनबिसून प्लेटच्या कडेला ओळीने लावायचे, लहान इकडे, मोठे तिकडे. सवय कुठे जाते! मी माशाचं कातडं बाजूला काढून ठेवायचे, त्यावर भाऊ रोज न चुकता मान हलवायचे. आणि आमचे शाळेतले मास्तर. इतका भला माणूस, पण माशाच्या डोक्याला घाबरायचे. त्याचा डोळा आपल्याकडे बघतो, असं त्यांचं म्हणणं. प्लेट आली की मास्तर सगळ्यात आधी कोबीचं पान उचलून माशाच्या तोंडावर पांघरूण घालायचे आणि मग निवांत जेवायला बसायचे. त्यांची प्लेट परत जाताना पानाखाली डोकं शाबूत असायचंच.

सगळ्यांचं आटोपलं की भाऊ खिडकीखालच्या स्टुलावर बसून जेवायचे. ते डोक्यापासून सुरुवात करायचे आणि शेपटीपर्यंत कुरकुर चावून खायचे. डोकं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नंतर प्लेट धुवायचीसुद्धा गरज पडू नये. "अहो, मांजरांची तरी दया येऊ दे," वहिनी आतून ओरडायच्या. मग विचारायच्या, "कसं झालंय?" भाऊ म्हणायचे, "छान." एकदा वहिनींच्या हातून मासा पार करपला, तरी भाऊ म्हणाले, "छान." वहिनी मला म्हणाल्या, "या माणसाला विचारणं आणि त्या भिंतीला विचारणं सारखंच." पण म्हणताना गाल मात्र फुगले होते आनंदाने. मी काय आंधळी होते?

असं आमचं सगळं सुखात चाललं होतं. मग एका थंडीत वहिनींना ताप आला. साधासुधा नव्हता, अंथरुणाला खिळवून ठेवणारा. खिडकीला कडी लागली. आम्ही सगळे धक्क्यावर पाव चावत फिरायचो आणि एकमेकांना विचारायचो, "काही कळलं का?" मला तर तिकिटं फाडताना सुट्टे पैसे मोजायचंही धड सुचत नव्हतं. शेवटी एका दुपारी कडी निघाली. वहिनी अंगाला शाल गुंडाळून शेगडीपाशी उभ्या होत्या. तोंड एवढंसं झालेलं, हात थरथरत होते, पण डोळे हसरे. माझा जीव भांड्यात पडला.

मासा आला. मी घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. प्रेमाने नव्हे, मिठाने! एवढा खारट की जीभ आकसली. वर लिंबू तर असं पिळलेलं की दात आंबले. मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टर माझ्याकडे. मास्तर पाणी पीत होते. आजारातून उठलेली बाई, पहिलाच दिवस, कोण बोलणार? डॉक्टर भाऊंना म्हणाले, "छान, छान. वहिनींना म्हणावं, जिवाला जपा." आणि अर्धा मासा टाकून उठले.

भाऊंनी त्यांची प्लेट उचलली. खिडकीकडे निघाले. अर्ध्या वाटेत थांबले. आतून आवाज आला, "काय म्हणाले?" तो आवाज असा काही आतुर होता की मीसुद्धा घास खाली ठेवला. भाऊ वळले आणि हात धुवायच्या बेसिनपाशी, खांबाच्या आडोशाला गेले. माझं टेबल कोपऱ्यातलं, मला सगळं दिसत होतं. तो माणूस भिंतीकडे तोंड करून डॉक्टरांचा उरलेला मासा खात होता. भराभर. मग काटे नीट ओळीने लावले, आणि प्लेट खिडकीत नेऊन धरली.

"हे बघ," म्हणाले.

"अगं बाई, सगळं संपवलं!" आतून वहिनींचा आवाज आला. मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग आला, आणि त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

तेव्हापासून रोज तेच. मासा तसाच खारट, तसाच आंबट, आणि प्लेटा मात्र चाटूनपुसून आत जायच्या. गिऱ्हाइकंही कशी! सगळे खाल्ल्या मिठाला जागत होते. भात खायचे, पाव खायचे, माशाला नुसतं उष्टावून 'छान' म्हणायचे आणि निघायचे. उरलेलं सगळं भाऊंच्या पोटात. किडकिडीत भाऊंना चक्क पोट सुटलं. वहिनी खूश. "बघा, मी उठून उभी राहिले तशी तब्येत सुधारली यांची!" आणि भाऊ एकसारखे पाणी पीत असायचे. पायावर सूज यायला लागली. डॉक्टर दातांचे असले तरी डॉक्टर होतेच. ते एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, हे बंद करा. इतकं मीठ बरं नाही." भाऊ म्हणाले, "बरं." आणि त्यांचीच प्लेट घेऊन खांबाआड गेले.

हळूहळू टेबलं रिकामी पडायला लागली. लाँचवाल्यांनी दुसरीकडे जेवायला सुरुवात केली. नवं गिऱ्हाईक एकदा यायचं ते पुन्हा तोंड दाखवायचं नाही. उरलो आम्ही आपले नेहमीचे, मिठाची गुळणी धरून बसलेले. मला कळत होतं, हे असंच चाललं तर खिडकीला कायमची कडी लागणार. एके दिवशी भाऊ पलीकडच्या नळावर भांडं भरायला आले तेव्हा मी त्यांना गाठलंच.

"भाऊ, सांगून टाका त्यांना. अहो, हॉटेल बसेल अशाने!"

"बसू दे," भाऊ म्हणाले.

"बसू दे काय? मग वहिनी काय करतील?"

भाऊंनी नळ बंद केला. "ती आजारात काय म्हणायची माहितीय तुला? मरणाची भीती नाही म्हणायची. शेगडीपाशी उभं राहता आलं नाही तर, त्याची भीती वाटते म्हणायची. आता उभी राहिलीय. मी तिला जाऊन सांगू, की तुला जमत नाही?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. इतकं लांब बोलायची सवयच नव्हती ना! मी त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि हॉटेलच्या दारापर्यंत नेऊन दिलं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दुपारची वेळ. डॉक्टर, मास्तर, मी आणि कोणी दोघंतिघं परकी माणसं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे माशाच्या तोंडावर पान घातलं, दोन घास खाल्ले आणि पाण्याचा ग्लास घेऊन बसले. भाऊंनी प्लेट उचलली, खांबाआड नेली, परत आले आणि खिडकीत धरली.

"काय म्हणाले?"

"हे बघ."

रोज लगेच 'अगं बाई' ऐकू यायचं. आज काहीच नाही. मी मान वर केली. खिडकीत वहिनींचा चेहरा दिसत होता. त्या प्लेटकडे टक लावून बघत होत्या.

"अहो, ही मास्तरांची ना?"

"हो."

"मास्तरांनी डोकं खाल्लं?"

भाऊंच्या हातून काय घोडचूक झाली ते आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. डॉक्टरांचे काटे ते आठवणीने ओळीने लावायचे, माझं कातडं आठवणीने कडेला ठेवायचे. पण हातात माशाचं डोकं आल्यावर ते टाकवेल तर ते भाऊ कसले! इतके दिवस पानाखाली काटेकुटे झाकून कसंबसं निभावलं असेल. आज पान वाऱ्याने उडालं की भाऊच ठेवायला विसरले, कोण जाणे.

"हो," भाऊ म्हणाले. कान लाल.

"डोळ्यांसकट?"

वहिनींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "मास्तर! डोकं कसं लागलं?"

मास्तर जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना त्याची कला अवगत नव्हती. ते दचकून उभे राहिले आणि म्हणाले, "कुणाचं?"

परक्या माणसांपैकी एकजण फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि वहिनी बाहेर आल्या. जेवणाच्या वेळी त्या बाहेर आलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. सरळ खांबाआड गेल्या. तिथे डॉक्टरांची प्लेट होती, अजून भाऊंचा हात न लागलेली. अर्ध्याहून जास्त मासा तसाच होता. वहिनींनी ती प्लेट दोन्ही हातांत धरली आणि बघत राहिल्या. मग माझ्या टेबलाशी येऊन, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. विचारलं भाऊंना, पण बघत होत्या माझ्याकडे.

"तू उठलीस तेव्हापासून," भाऊ म्हणाले.

वहिनींनी प्लेट टेबलावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "तापात माझी चव गेली. मीठ लागत नाही, आंबट लागत नाही. काहीच लागत नाही. तोंडात कापूस घातल्यासारखं वाटतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शेगडी शिवू दिली असती का मला?" वहिनी म्हणाल्या. "आणि म्हटलं, सांगायचं कशाला? जीभ गेली तर गेली, प्लेटा आहेत ना. पहिल्या दिवशी अंदाजाने मीठ घातलं आणि खिडकीकडे डोळे लावून बसले. पहिली प्लेट साफ आली. म्हटलं, चला, अंदाज बरोबर आला. तोच हात धरून ठेवला. रोज तेवढंच मीठ, रोज तेवढंच लिंबू. मनात म्हणायचे, काही बिनसलं तर हे दाखवतीलच की प्लेट." त्यांनी समोरची प्लेट भाऊंकडे सरकवली. "माझी जीभ तापाने नेली, आणि प्लेटा तुम्ही नेल्यात."

भाऊ पुढे येऊन खांबाला टेकले. "तुला वाईट वाटलं असतं गं."

"वाटलंच असतं! वाटू द्यायचं होतं! एक दिवस रडले असते आणि दुसऱ्या दिवशी मीठ कमी घातलं असतं!"

हॉटेलात कोणी घास घेत नव्हतं. डॉक्टर चष्मा पुसत होते, तो कशाने ओला झाला होता ते सांगायला नको. वहिनींनी पदराने तोंड पुसलं आणि एकदम भाऊंकडे वळल्या.

"आणि काय हो, तुम्ही रोज एवढं खात होतात. तुम्हाला कळत नव्हतं खारट आहे ते? तुम्ही तरी मला एका शब्दाने म्हणायचं होतं, की आज थोडं जास्त पडलंय!"

भाऊंनी नॅपकिन या हातातून त्या हातात घेतला. मग खाली बघत म्हणाले, "मला चांगलं लागत होतं."

"काय?"

"खरंच सांगतो. प्लेटा परत यायला लागल्या म्हणून समजलं, काहीतरी चुकतंय. मला तर नेहमीसारखंच लागत होतं. छान."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "बघितलंस ना, तिकीट? बघितलास ना हा माणूस? याच्या जिभेवर मी हॉटेल चालवू?" त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. मला माझंसुद्धा कळत नव्हतं. इतकी वर्षं ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि एकमेकांवर एवढी माया करणारी माणसं आपल्याला रोज दुपारी बघायला मिळतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट उमगलं.

मग वहिनी उठल्या. पदर पुन्हा खोचला. "कोणी उठायचं नाही," सगळ्यांना म्हणाल्या. "परत करते. आणि या वेळी ज्याला जेवढं आवडेल तेवढंच खायचं. माझी शपथ आहे. माझी दया करून कोणी एक घास जरी जास्त खाल्ला तर मी त्याला पुन्हा दारात उभं करणार नाही." दार लावून घेतलं. आतून तव्याचा आवाज यायला लागला. परकी माणसंसुद्धा मुकाट बसून राहिली.

मासे आले. भाऊंनी एकेकासमोर प्लेट ठेवली. मास्तरांनी पान पांघरलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, ठीक आहे, वाईटपणा घ्यायला मीच बरी. मी घास घेतला. लिंबू आता बरं होतं. मीठ कमी केलं होतं, पण अजून जास्तच होतं. माझ्या डोळ्यांसमोर वहिनींचा तो सुकलेला चेहरा होता, आणि घास गिळून 'छान' म्हणायला एवढासाही त्रास पडला नसता. मी हात बाजूला घेतला.

"भाऊ, उचला," मी म्हटलं.

भाऊंनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी मान खाली घातली. पण प्लेट उचलली त्यांनी. काही न हलवता, जशीच्या तशी. खांबापाशी त्यांचं पाऊल अडलं. मग पुढे गेले आणि प्लेट खिडकीच्या चौकटीत धरली.

"काय म्हणाले?" आतून आवाज आला.

'हे बघ' म्हणायला भाऊंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांचे खांदे हलायला लागले. शेवटी म्हणाले, "खारट आहे."

"खूप?"

"खूप नाही. पण आहे."

आत तव्यावर उलथनं वाजलं. आणि मग वहिनींचा आवाज आला, मोकळा, तापाआधीचा, माझ्या ओळखीचा. "आता कसं बोललात! द्या ती प्लेट इकडे. आणि अहो, डोळे पुसा आधी. तिकडे तिकीट उपाशी बसलीय, आणि तुम्ही रडत काय उभे राहिलात?"